विजयाच्या नावाचं पुस्तक

दोरीवर विजयाचं पुस्तक नव्हतं.

मंजुळाने डोक्यावरची रिकामी पाटी खाली ठेवली आणि पुन्हा वर पाहिलं. एकनाथशेटच्या दुकानात सुतळीवर चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं वाळत घातलेल्या बोंबलांसारखी ओळीने लटकत होती. राक्षसाच्या चित्राचं पुस्तक जिथे असायचं, तिथे नुसती सुतळी होती.

बोईसर स्टेशनसमोरच्या या दुकानात सांगून ठेवलेली पुस्तकं अशीच टांगलेली असत, प्रत्येकाला गिऱ्हाइकाच्या नावाचं चिटोरं. नाव लावायला सगळ्यांना कोण घाई! न्यायच्या वेळी मात्र गिऱ्हाईक गुल. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघाल्यापासून तर विचारू नका. बापाची बदली व्हायची, पोरगं निघून जायचं आणि पुस्तक धूळ खात राहायचं. एकनाथ दिवसभर त्यांच्या नावाने खडे फोडायचा. त्यात एकाचं पुस्तक दुसऱ्यानेच नेलं आणि दुकानात मारामारी व्हायची वेळ आली. तेव्हापासून त्याने नियमच केला, ज्याचं नाव त्याच्याच हातात पुस्तक.

विजया ही मंजुळाची लेक. घरात वाचायला शिकलेली पहिलीच. आईबरोबर बाजारला आली, पुस्तकाला नाव लावून गेली आणि लगेच मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळली. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण ताप काही हटत नव्हता. मंजुळाला सुकी मासळी विकायला बोईसरला यावंच लागे. एकनाथला तिची दया आली. नियम बाजूला ठेवून तो म्हणाला होता, "मंजुळाबाई, तुम्ही घेऊन जा. पोरीला तेवढाच विरंगुळा."

मंजुळा दचकून मागे सरली होती. "नको शेट, हात नका लावू. बरी झाली का तीच येल न्यायला."

तिची भीती एकनाथला कळली नसती. चिंचणीला मंजुळाच्या आळीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं, की जाणारं माणूस जायच्या आधी आपल्या नावाच्या वस्तू गोळा करतं. गोमा तांडेल आजारी पडला तेव्हा त्याला कूस बदलता येत नव्हती. तरी लोकांनी त्याला किनाऱ्यावर आपलं जाळं गुंडाळताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गोमा गेला. म्हणून मंजुळा दर बाजाराला आधी दुकानात डोकावायची. पुस्तक लटकलेलं दिसलं की तिच्या जिवात जीव यायचा. विजयाने अजून काही गोळा केलेलं नाही!

"शेट, पुस्तक कुठं गेला आमचा?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

एकनाथ हसत बाहेर आला. "सकाळी मी माल आणायला पालघरला गेलो होतो. माझी बायको जमना बसली होती दुकानात. आत्ता चुलीकडे पळताना सांगून गेली, विजया स्वतः आली होती, नाव सांगून पुस्तक घेऊन गेली. बरी झाली म्हणायची पोरगी!"

सकाळी मंजुळा निघाली तेव्हा पोरीला पाण्याचा पेलासुद्धा धरवत नव्हता. ती पाटी तिथेच टाकून धावत सुटली. मागून एकनाथ हाका मारत होता, पण तिला ऐकू आलं नाही.

एस.टी. नुकतीच सुटली होती. कामावर खडी नेणारा ट्रक तिने रस्त्यात उभं राहून अडवला. ड्रायव्हर शिवी देणार होता, पण तिचं तोंड पाहून म्हणाला, "बैठो, माई."

वाटभर तिने रस्त्याकडे पाहिलंच नाही. रस्त्यावर आपली पोर पुस्तक घेऊन चालताना दिसेल, अशी तिला धास्ती वाटत होती. स्वतःच्या लेकीची भीती वाटावी! तिला रडू फुटलं. मला ने, पोरीला ठेव, असं ती एकवीरा आईला विनवत राहिली. नवरा दर्यावर होता. घरी सासू तेवढी. गोदूबाईला डोळ्यांनी कमी दिसायचं, तिला पोरीचं काय झालं ते कळलं तरी असेल का?

फाट्यावर उतरून ती पळत आळीत शिरली. कुठून रडण्याचा आवाज येतो का, ते कान देऊन ऐकत होती. आळीत सगळं शांत होतं. त्या शांततेनेच तिचा धीर सुटला.

सासू दारात बसली होती. उंबऱ्यावर आडवी, वाट अडवून. पांढऱ्या केसांना तिने विजयाची लाल रिबीन बांधली होती आणि मांडीवर ते राक्षसाचं पुस्तक होतं.

"आये! इजया कुठं हाय?"

"वरडू नको. शेजारची नवसी बसलीय आत पोरीजवळ. ताप हाय अजून, पर पेज प्याली."

मंजुळा मटकन खाली बसली. तिला हसावं की रडावं कळेना. "नि ह्या पुस्तक? त्यो कोनी आनला?"

"मीच गेलती एस.टी.नं. दुकानातली बाई बोलली, ज्याचा नाव त्यालाच देनार. मी बोलली, मीच इजया."

"पर आये, कशाला? बरी झाल्यावर तिनंच आनला असता ना!"

म्हातारीने पुस्तक छातीशी घट्ट धरलं. रस्त्यावरची नजर तिने हलवली नाही.

"आजपासना पोरीला त्या नावानं हाक मारू नको," ती म्हणाली. "न्यायला कोन आला तं सांग त्याला, इजया दारातच बसलीय."