चादरीचं दुसरं टोक

वसतिगृहाच्या वाचनखोलीत अकरा जणी डोळे मिटून बसल्या होत्या. बारावी टक्क डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघत होती.

"श्वास आत येतोय... बाहेर जातोय," समुपदेशक बाई हळू आवाजात सांगत होत्या. "मन भटकलं तर रागावू नका. बोट धरून परत आणा त्याला."

परीक्षेच्या महिन्यात विद्यापीठानं हा सजगतेचा तास सुरू केला होता. मुली त्याला 'डोळेमिटीचा तास' म्हणत. कुणी खरंच शांत होई, कुणी बसल्या बसल्या डुलकी काढून घेई. बाईंची कशालाच हरकत नसे. पण या मुलीचा श्वास त्यांना चार हातांवरून ऐकू येत होता, धावत जिना चढून आल्यासारखा.

तास संपला, सगळ्या पांगल्या. ती मात्र चपला घालताना घुटमळली.

"मॅडम, मी उद्यापासून नाही येणार. खोली सोडतेय."

"आणि परीक्षा?"

"नाही देत." तिनं मान खाली घातली. "श्वासाकडे लक्ष दिलं की तो जास्तच अडकतो. डोळे मिटले की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. मला नुसतं बसणं जमत नाही, पेपर काय जमणार? जाते मी. चादर भिजत घातलीय. धुऊन जमा केल्याशिवाय मेट्रन सोडायच्या नाहीत."

अशा वेळी काय बोलायचं, ते बाईंच्या वहीत लिहिलेलं होतं. त्यांनी वही पिशवीत टाकली.

"चल, मी येते. इथली चादर एकटीला आवरत नाही."

गच्चीवर चारचं तिरपं ऊन होतं. मुलीनं बादलीतून चादर उपसली. बाईंनी बाह्या वर करून दुसरं टोक धरलं आणि दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मुलीनं पीळ दिला, पण चुकीच्या दिशेनं. चादर नुसतीच गोल फिरत राहिली, पाण्याचा थेंब निघेना.

"अगं, तू तुझ्या उजवीकडे, मी माझ्या उजवीकडे. दोघींनी एकाच बाजूला फिरवून कसं पिळलं जाईल?"

आता पीळ बसला. पाणी धो धो पडलं, बाईंच्या पायावरच. मुलगी खुदकन हसली.

"आम्ही याच गच्चीवर पिळायचो," बाई म्हणाल्या. "मी आणि माझी खोलीतली मैत्रीण. लंबू म्हणायचो तिला. पहिल्या वर्षी गणिताच्या पेपरच्या सकाळी माझे हात गार पडले. श्वास घ्यायचा कसा, तेच आठवेना. लंबूनं मला फरफटत वर आणलं. म्हणाली, 'श्वासबिस गेला खड्ड्यात. हे टोक धर. सोडलंस तर याद राख!'"

"मग?"

"मग काय! तिनं आख्ख्या मजल्याच्या चादरी धुवायला काढल्या होत्या. चार पिळल्या आम्ही. ओल्या, सुरकुतलेल्या बोटांनी पेपरला गेले, पेन सारखं निसटत होतं. पण पास झाले. सजगता वगैरे शब्द तेव्हा कुणाच्या गावीही नव्हते."

बाई दूरवर, दोरीच्या टोकापर्यंत बघत राहिल्या. तिथं कुणी उंचशी मुलगी चवड्यांवर उभी न राहताच चादर टाकत असावी, तशा.

"कुठं असतात त्या आता?" मुलीनं विचारलं.

"माहीत नाही. तिसऱ्या वर्षी सुट्टीला म्हणून घरी गेली ती परत आलीच नाही. तिच्या धाकट्या बहिणीचं पत्र आलं, पुस्तकं पाठवून द्या म्हणून. त्यात लिहिलं होतं, ताईला कित्येक महिने झोप नव्हती." बाईंनी हातातला पीळ सैल केला. "माझ्या हातभर अंतरावर तिची कॉट होती गं. सगळ्या मजल्याला धीर द्यायची. ती कशी आहे, हे तिला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा."

दोघींनी चादर झटकली, दोरीवर टाकली, टोकं जुळवली. मुलीचा श्वास आता ऐकू येत नव्हता. खालून फक्त पाणी ठिबकत होतं.

चिमटा लावता लावता ती थांबली. चादरीवरून तिचे डोळे तेवढे दिसत होते.

"मॅडम, आणि तुम्हाला? तुम्हाला लागते झोप?"

हा प्रश्न बाई स्वतः दिवसाकाठी पाच-सहा जणींना विचारत. 'हो, छान लागते' हे उत्तर त्यांच्या अगदी ओठांवर आलं. ते तिथंच राहिलं.

पाण्याच्या टाकीपाशी सावली होती. बाई तिथं जाऊन भिंतीला टेकून बसल्या, आणि ओल्या हातानं शेजारची धूळ पुसून त्यांनी जागा केली.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "ये, बस जरा."