चांगला पत्रा लागेपर्यंत

डाव्या दाढेखाली लवंग धरून बाबा गॅरेजमध्ये आपल्या जुन्या गाडीच्या दाराचा गंज खरवडत बसले होते. सून शेजारी टॉर्च धरून उभी होती. लग्न होऊन आल्यापासून आज पहिल्यांदाच तिनं गाडीत रस घेतला होता, त्यामुळे स्वारी भलतीच खुशीत होती.

"बाबा, एवढासा तर डाग आहे. वरून पुट्टी भरून रंग मारला की झालं!"

"अगं, वरवरच्या मलमपट्टीनं काय होतंय? बाहेर डाग दिसतो तेव्हा आतून पत्रा पोखरलेला असतो. चांगला पत्रा लागेपर्यंत खरवडायचं, मगच भरायचं."

"आणि राहू दिलं तसंच? पुढच्या महिन्यात बघू म्हणून?"

"चालढकल करणाऱ्याच्या हाती शेवटी भोकच उरतं!" बाबांनी ठणकावून सांगितलं आणि लवंग जिभेनं पुन्हा जागेवर सरकवली.

"पटलं," दातांची डॉक्टर असलेली सून म्हणाली आणि तिनं टॉर्च दारावरून त्यांच्या तोंडाकडे वळवला. "आता आ करा."

बाबांनी एकदा पुट्टीच्या डब्याकडे आशेनं पाहिलं आणि निमूटपणे आ केला.