दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा

"नवा कायदा कडक आहे," वकीलबाई म्हणाल्या. "हाच गुन्हा त्याने दुसऱ्यांदा केला असेल, तर मरेपर्यंत तुरुंग. पण पहिल्या वेळी तक्रार होऊन शिक्षा झालेली हवी."

"सडू दे तुरुंगात." आईने धाकटीला पोटाशी धरलं होतं. "माझा सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं? पोरीच्या अंगाला हात लावला त्याने."

"आधी कुणी तक्रार केली होती त्याची?"

"छे हो. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं."

"मी केली होती," मागच्या खुर्चीवरून थोरली म्हणाली.

वकीलबाईंनी पेन उचललं. "कुठे?"

"स्वयंपाकघरात. आई चहा गाळत होती. म्हणाली, काहीतरीच काय बोलतेस. जा, हा कप मामाला देऊन ये."