एकच घाट

"या कपड्यांत आत बसता येणार नाही, साहेब," मी दाराशीच सांगितलं. पाचगणीतल्या आमच्या हॉटेलात कॉलरचा शर्ट आणि फुल पँट लागतेच, आणि मी इथला हेड वेटर.

गृहस्थ घामानं निथळत होते. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेले सायकलिंगचे कपडे. "वाईहून अख्खा पसरणी घाट सायकलनं चढून आलोय मी! तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

मी वाद घातला नाही. त्यांना मागच्या खोलीत नेलं. तिथं माझी बिनगिअरची सायकल भिंतीला टेकलेली होती आणि हँडलवर सकाळचा बनियन वाळत होता.

"बावीस वर्षं मीही त्याच घाटानं येतो, साहेब. रोज. तोंड धुतो, युनिफॉर्म घालतो, मगच आत पाऊल टाकतो."

त्यांनी वाकून सायकल नीट पाहिली आणि डोक्यावरचं हेल्मेट काढलं. वेटरांचा इस्त्री केलेला जादा शर्ट आणि पँट मी पुढं केली, ती त्यांनी चढवली.

ते खुर्चीत टेकतात न टेकतात, तोच शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांनाच हाक मारली, "अहो, जरा पाणी देता?"

मला वाटलं, आता भडकणार. पण ते हसत उठले आणि त्यांनी जग उचलला. घाटानं दमलेले हात ते. थरथरायला लागले आणि निम्मं पाणी टेबलावर सांडलं.

"द्या इकडं," म्हणत मी जग घेतला आणि पेला काठोकाठ भरला. एक थेंबही बाहेर गेला नाही.