अंगठ्यांची वही

मांडवगण फराट्याच्या सुभान मास्तरांनी अठ्ठ्याहत्तर साली हातानं एकच वही बांधली होती. लिहिता न येणाऱ्या गावकऱ्यांना त्यांनी त्यात एकेक पान दिलं. पानावर शाईचा अंगठा आणि खाली नाव, बस्स. पुढं मास्तर गेले, गाव विसरलं. दोन हजार चार साली पुण्याच्या एका प्रकाशकाला मास्तर थोर संकल्पनावादी कलावंत असल्याचा शोध लागला आणि वहीची देखणी नवी आवृत्ती निघाली.

शिरूरच्या प्रकाशन समारंभाला हौसराव आप्पा पहिल्या रांगेत येऊन बसले. दगडाबाईचा, त्यांच्या बायकोचा, फोटो कधी काढलाच नव्हता. ती गेल्यावर तिचं म्हणून जे काही उरलं, ते सतराव्या पानावर होतं. भाषणं संपल्यावर त्यांनी ते पान उघडलं, मग पुढची पन्नासेक पानं उलटली.

"साहेब, हिच्या अंगठ्यावर विळ्याचा वण व्हता. हितं न्हाई. आन् समद्या पानांवर एकच अंगठा हाय."

"बरोबर ओळखलंत, आप्पा," प्रकाशक म्हणाले. "जुने ठसे पुसट झालेले, छपाईत उठेनात. म्हणून आमच्या मशीनवाल्याचा घेतला. चांगला ठसठशीत आहे."

"मंग मूळची वही दाखवा."

"ती परदेशात एका संग्राहकाकडे गेली. पण वाईट वाटून घेऊ नका. अशा कलेत संकल्पना महत्त्वाची, अंगठा कुणाचा का असेना."

आप्पांनी पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं.

"आमची जमीन गेली तवा तलाठीबी ह्येच म्हणला व्हता."