मोतीचं दुखणं

"आई, हळद नको गं, खडे मीठ आण. मासा आहे तो, सर्दी झालेलं पोर नाही!"

कृतिकाने बाह्या वर सारल्या आणि टबात कोमट पाणी ओतलं. लीलाबाई मिठाची बरणी आणायला गेल्या. काचेच्या पेटीत मोती एका कुशीवर कलंडून तरंगत होता. शेपटी चिंध्या झाल्यासारखी. बघवत नव्हतं.

आगाशीच्या या घरात कृतिका लग्नानंतर पहिल्यांदाच आली होती. तिने पास्कलशी लग्न ठरवलं तेव्हा तिचे वडील शरदचंद्र एवढंच म्हणाले होते, "खुशाल कर. पण मग या दारात यायचं नाही." केळीच्या वाडीत उभा जन्म काढलेला माणूस, शब्द तोंडातून गेला की गेला. लेकही त्याच मुशीतली. तुळिंजला तिचं सासर; तिथून आगाशी ती काय लांब! पण सणवार आले नि गेले, दोघांतलं कुणी तसूभर हललं नाही.

आज दुपारी आईचा फोन आला. "मोती आजारी आहे गं. अण्णा म्हणतात, बावखलात सोडून देतो."

बावखल म्हणजे वाडीतलं शिंपणाचं तळं. तिथे बगळे टपूनच बसलेले. कृतिका ऑफिस सुटल्याबरोबर थेट माहेरी आली.

मोतीला आणलं होतं ते तिची बारावी संपल्यावर. विरारहून परतताना पाण्याची पिशवी अण्णांनी स्वतःच्या मांडीवर घेतली होती आणि अख्ख्या बसला दम भरला होता, "धक्का देऊ नका हो, आत जीव आहे!" सगळी बस हसली होती. कृतिका लाजेने चूर झाली होती. आता ते आठवलं आणि तिने टबातलं पाणी पुन्हा एकदा बोटाने चाचपलं.

"तिला सांग, चहा निवतोय," शरदचंद्र पेपराआडून बायकोला म्हणाले.

"अण्णांना सांग, माझे हात ओले आहेत."

"मी काय तुमची टपालवाली आहे?" लीलाबाई करवादल्या.

कृतिकाने मोतीला अलगद टबात सोडलं. "किती बदललाय हा! रंग पार उतरला."

लीलाबाईंनी पुसलेली बरणी पुन्हा पुसायला घेतली. पेपराचं पान उलटलं.

"इतक्या वर्षांनी माणसं ओळखू येत नाहीत," शरदचंद्र म्हणाले. "मासा काय!"

ते तिच्याशी थेट बोललेलं पहिलं वाक्य. लागायचं ते लागलंच.

या घरात कुणी कुणाची माफी मागत नसे, काम सांगत असे. आईशी अबोला झाला की अण्णा शर्ट पुढे करत, "एवढं बटण लाव." तिने लावलं की भांडण मिटलं. कधीकधी ते बटण आदल्या रात्रीपर्यंत चांगलं शाबूत असायचं, पण तसं विचारायची पद्धत नव्हती.

मग कृतिका रोज संध्याकाळी येऊ लागली. मिठाचं पाणी, आधी उपास, मग साल काढून कुस्करलेला उकडलेला मटार. पास्कल म्हणायचा, "एवढी सेवा माझी कधी केलीस?" शरदचंद्र आता पेपर बाजूला ठेवून विहिरीचं पाणी आणून द्यायचे. बादली तिच्याजवळ टेकवायची, घसा खाकरायचा, मागे व्हायचं.

एका संध्याकाळी मोती तळाला पडून राहिला. हलेना, मटाराकडे बघेना. कृतिकाचा बांधच फुटला.

"हा गेला ना आई, तर मी या घरात यायचं कुठल्या निमित्ताने? सांग ना!"

लीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. शरदचंद्रांचा चेहरा कसनुसा झाला.

"रडू नको, वैदीणबाई," ते म्हणाले. "पाणी बदल. मी टब धरतो."

वैदीणबाई! लहानपणी ती कोंबडीच्या पिल्लांच्या पायांना काड्या बांधायची, तेव्हाचं हे नाव. तिने डोळे पुसले आणि पाणी बदललं. बाप-लेक टबाच्या दोन बाजूंना उकिडवे बसून राहिले. अंधारून आलं तसा मोतीने पर हलवला, डुचमळला आणि सरळ पोहायला लागला.

"आहे बेटा चिवट," शरदचंद्र म्हणाले. 

शेपटीवर पांढरं बुरशीसारखं काही तेवढं राहिलं होतं. "त्याला निळं औषध लागेल," कृतिका निघताना म्हणाली. "आमच्या बिल्डिंगसमोर माशांचं दुकान आहे, तिथून आणते."

"तिकडे कशाला?" शरदचंद्र एकदम म्हणाले. "इथे आगाशीत बघ. तिकडचा माल काही खरा नसतो."

"तुम्हाला काय माहीत?"

"ऐकलंय." ते चपला शोधू लागले. मग पाठमोरेच म्हणाले, "आणि उद्या पास्कलला घेऊन ये. पेटी उजेडात हलवायची आहे, मला एकट्याला झेपत नाही."

कृतिका रस्ताभर एकटीच हसत होती. आगाशीत औषध मिळालं नाही. तुळिंजला उतरल्यावर ती समोरच्या दुकानात शिरली आणि दुकानदार जितेशला फोनवरचा मोतीचा फोटो दाखवला.

"अरे, हा जगला?" जितेश फोटो मोठा करून बघू लागला. "ताई, हा तर मी टाकून द्यायला बाजूला काढला होता!"

"दुसरा असेल. आमचा कितीतरी वर्षांचा आहे."

"छे हो, माझ्या दुकानातला मासा मी नाही ओळखणार? हल्लीच एक काका घेऊन गेले. आधी बराच वेळ तुमच्या गेटपाशी उभे होते, आत जाईनात. मग इकडे आले. म्हणाले, आमचा जुना मासा मेला, तसाच दे, पण आजारी पाहिजे. मी म्हटलं, काका, आजारी मासा कुणी विकत नेतं का? हा घ्या, एकदम धडधाकट आहे. तर माझ्यावरच डाफरले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, धडधाकट मासा बघायला माझी लेक कशाला येईल?"