छोटी महाराणी

"कान ओढ, कान," तारेच्या जाळीला नाक लावून मास्तर पुटपुटले.

आत कोर्टावर त्यांची लेक सर्व्हिसला उभी होती. तिने चेंडू आपटला, कान ओढला आणि सर्व्हिस थेट नेटमध्ये मारली. मास्तरांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. कान अगदी बरोबर ओढला होता.

मास्तर शिंपी होते. टेनिसचं त्यांना एकच माणूस ठाऊक होतं, ते म्हणजे महाराणी. सगळं जग त्या बाईंना याच नावाने ओळखायचं. आता त्या खेळत नव्हत्या, शिकवत होत्या. त्यांच्या अकादमीत यंदा एकाच मुलीला बिनफीची जागा होती आणि आज त्या जागेसाठी निवड होती. आज नाव लागलं नाही तर लेकीचं टेनिस संपलं, कारण दुसऱ्या कुठल्या अकादमीची फी मास्तरांच्या आवाक्यातली नव्हती.

तयारीत मात्र त्यांनी कसूर ठेवली नव्हती. महाराणींचे जुने सामने थांबवून थांबवून पाहत त्यांनी तस्साच स्कर्ट शिवला होता, चुण्यांसकट. वेणी तशीच, टॉवेल त्याच खांद्यावर, सर्व्हिसआधी कान ओढणंही तसंच. महाराणी तेराव्या वर्षी एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरल्या होत्या. लेकही तेराव्या वर्षी तशीच हरली, तेव्हा मास्तर दिवसभर खुशीत होते. एका वर्तमानपत्राने दोघींचे फोटो शेजारी शेजारी छापून खाली 'छोटी महाराणी' असं लिहिलं आणि मग तर विचारायलाच नको. टीव्हीवरच्या जाणकारांना हनुवटीतही साम्य दिसू लागलं. पोरीचा खेळ कसा आहे, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

एकच अडचण होती. महाराणी डावखुऱ्या आणि लेक उजवी. मास्तरांनी त्यावरही शिंपीपणाने तोड काढली होती. पोर लहान असताना सरावाच्या आधी ते तिचा उजवा हात फ्रॉकच्या खिशात घालायला लावायचे आणि खिसा वरून टाचून टाकायचे. पोर रडायची. पण वर्षभरात डावा हात वळला. तेव्हापासून ती बरी खेळायची. फक्त महत्त्वाचा सामना आला की हरायची.

आजही तेच चाललं होतं. समोरची मुलगी तिला या टोकाकडून त्या टोकाला पळवत होती. पलीकडे खुर्चीत बसलेल्या महाराणी एकदा जांभई देतानाही दिसल्या. तेवढ्यात एक चेंडू लेकीच्या उजवीकडून लांबून निघाला. डाव्या हाताने तो मिळणं शक्यच नव्हतं. काय झालं ते तिचं तिलाही कळलं नाही. रॅकेट उजव्या हातात आली आणि चेंडू समोरच्या कोपऱ्यात असा जाऊन बसला की समोरची मुलगी जागची हललीसुद्धा नाही.

लेकीने घाबरून बापाकडे पाहिलं. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. इतक्या वर्षांची मेहनत पोरीने ऐन वेळी मातीत घातली, असंच त्यांना वाटलं.

महाराणी उठून कोर्टावर आल्या.

"दात कुठल्या हाताने घासतेस?" त्यांनी विचारलं.

"डाव्या, मॅडम," जाळीबाहेरून मास्तर घाईघाईने म्हणाले. "जन्मापासून."

"उजव्या," पोर खाली बघत म्हणाली.

मग महाराणींनी तिला उजव्या हातानेच खेळायला लावलं. आधीचे काही फटके कुठेच्या कुठे गेले. पुढचे मात्र आत पडू लागले. पोरीने कान ओढला नाही, टॉवेलकडे पाहिलं नाही. ती चक्क हसत होती. कोर्टावर हसणारी आपली लेक मास्तर पहिल्यांदाच पाहत होते.

महाराणी जाळीपाशी आल्या, तेव्हा मास्तर गयावया करू लागले. चूक झाली, एकदा परत डाव्या हाताने बघा, हुबेहूब तुमच्यासारखी खेळते, असं बरंच काही ते बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मी उजवीच आहे, मास्तर," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांची एक आवडती खेळाडू होती, ती डावखुरी. त्यांनी माझा हात पट्ट्याने बांधला होता. तुम्ही काय केलंत?"

"खिसा टाचला," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"जिंकले मी ढीगभर. पण त्यातला माझा स्वतःचा फटका कोणता, ते मला आजही सांगता यायचं नाही. पोरीला मी घेते. ती उजव्या हाताने खेळेल, आणि तुम्ही या जाळीपाशी दिसायचं नाही."

मास्तरांनी मान हलवली. घरी येताना पोर अखंड बडबडत होती. टाचलेला तो खिसा आणि आतली इवलीशी मूठ काही केल्या मास्तरांच्या डोळ्यांपुढून हलेना. आपण पोरीचा छळ केला, हे त्यांना आता कळत होतं आणि सोसवत नव्हतं. पुन्हा म्हणून हिची कुणाशी तुलना करायची नाही, असं त्यांनी दुकानाचं कुलूप काढता काढता मनाशी पक्कं केलं.

मशीनवर बसतात न बसतात तोच शेजारी पँट आखूड करायला घेऊन आला. निवडीचं काय झालं, त्याने विचारलं. मास्तरांनी डोळे पुसले, सुईत दोरा ओवला आणि त्यांचा ऊर पुन्हा भरून आला.

"घेतलं हो. घेणारच," ते म्हणाले. "अगदी महाराणींवर गेली आहे पोर. त्यासुद्धा मूळच्या उजव्याच!"